विहिरीच्या काठावरचा संगणक: भूजलाच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी कार्यपद्धती

पुरंदर तालुक्यातील कऱ्हेच्या खोऱ्यात मे महिन्याच्या अखेरीस एका विहिरीत टेप सोडला, तेव्हा पाणी ६.८५ मीटरवर लागले. आधीच्या ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरीची पातळी १.९५ मीटर नोंदवलेली होती. म्हणजे आठ महिन्यांत ४.९० मीटर घट झाली, असे आम्ही लिहून मोकळे झालो. प्रत्यक्षात ऑक्टोबरचे वाचन जमिनीपासून घेतले होते आणि मे महिन्याचे कठड्यावरून. कठडा ९० सेंटिमीटर उंच होता. खरी घट ४ मीटरच होती. त्या फेरीत आम्ही सगळ्याच विहिरी कठड्यावरून मोजल्या होत्या आणि कठडे साधारण सारख्याच उंचीचे होते, त्यामुळे आकडे एकमेकांशी छान जुळत होते आणि कोणालाही शंका आली नाही.

ही चूक किती मोठी होती, हे हिशेब मांडल्यावरच कळते. पाणलोट १,००० हेक्टरांचा आहे आणि कुजलेल्या, सांधे असलेल्या बेसॉल्टचा (काळ्या खडकाचा) विशिष्ट उतारा, म्हणजे खडकाच्या आकारमानापैकी निथळून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा, २ टक्के आहे असे धरले, तर ४ मीटर चढउतारातून ८ लाख घनमीटर पाणी निघते. कठड्याच्या ९० सेंटिमीटरमुळे त्यात कागदावर १ लाख ८० हजार घनमीटर पाणी वाढले. पिकाला हंगामभरात ५० सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तर तेवढ्या पाण्यावर ३६ हेक्टर शेती भिजवता येते. ते पाणी जमिनीत कधीच नव्हते, पण त्याच्या भरवशावर एखाद्या गावाने पिकांचे नियोजन केले असते.

संगणकाने ही चूक आम्हाला दाखवली, पण कार्यालयात, तीन आठवड्यांनी, जेव्हा विहिरीवर परत जाऊन पाहण्याची वेळ टळून गेली होती आणि पहिला पाऊसही पडला होता. तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे: भूजलाच्या अभ्यासात संगणकाची सर्वांत मोठी गरज नकाशे रंगवताना नसते, ती विहिरीच्या काठावर, टेप हातात असताना असते. पुढील कार्यपद्धती त्याच दृष्टीने लिहिली आहे. ती पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते, भूशास्त्राचे व पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी आणि गावपातळीवर पाणी मोजणारे जलसेवक यांच्यासाठी आहे. लागणारी साधने म्हणजे एक साधा अँड्रॉइड फोन, एक लॅपटॉप आणि विनामूल्य मिळणारी संगणकप्रणाली.

गावात जाण्याआधी

लॅपटॉपवर क्यूजीआयएस ही नकाशे बनवण्याची प्रणाली घ्यावी आणि अभ्यासक्षेत्राचा पायाभूत नकाशा आधी तयार करावा. उपग्रहचित्रांसाठी इस्रोचे भुवन संकेतस्थळ आणि खडकांच्या नकाशांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूकोश हे संकेतस्थळ पुरेसे आहे. पाणलोटाची सीमा उंचीच्या प्रतिमानावरून, म्हणजे जागोजागच्या जमिनीची उंची नोंदलेल्या संगणकीय नकाशावरून, संगणक काढून देतो. मात्र कालवा, रस्त्याचा भराव किंवा जुना बांध यांमुळे पाणी कोठे वळते हे त्याला कळत नाही, म्हणून ती सीमा निदान दोन-तीन संशयास्पद ठिकाणी चालत जाऊन तपासावी.

महाराष्ट्रात काम करणाऱ्याने नकाशाच्या प्रक्षेपाकडे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीकडे, विशेष लक्ष द्यावे. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीत ७२ ते ७८ अंश रेखांशांदरम्यानचा प्रदेश ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, तर ७८ अंशांच्या पूर्वेकडील वर्धा, नागपूर, चंद्रपूर हा भाग ४४ उत्तर या पट्ट्यात मोडतो. क्यूजीआयएसमध्ये यांचे क्रमांक अनुक्रमे ३२६४३ आणि ३२६४४ असे आहेत. पुण्याच्या प्रकल्पाची फाइल तशीच उचलून नागपूरच्या कामाला वापरली, तर नकाशा दिसायला नीट दिसतो, पण अंतरे आणि क्षेत्रफळे हळूहळू बिघडत जातात. पाण्याचा ताळेबंद क्षेत्रफळावरच उभा असल्याने ही बाब किरकोळ समजू नये. जुन्या स्थलदर्शक नकाशांचे मूळ संदर्भपृष्ठ, म्हणजे ज्या कल्पित पृथ्वीपृष्ठावर ते आखले ते, वेगळे आहे. ते नकाशे वापरायचे असतील तर त्यांवरील नदीचे संगम, पूल, रेल्वेफाटक अशा न हललेल्या खुणा उपग्रहचित्राशी जुळवूनच घ्यावेत.

गावांच्या नावांचा प्रश्न याच टप्प्यावर मिटवावा. वडगाव, पिंपळगाव, निमगाव ही नावे एकेका जिल्ह्यात अनेकदा येतात, आणि एकाच गावाचे नाव तीन जण तीन प्रकारे लिहितात. प्रत्येक नोंदीला जनगणनेचा गावसंकेतांक जोडला, की नाव कसेही लिहिले तरी नोंद हरवत नाही. विहिरीला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो एकदा दिला की विहीर बुजली तरी दुसऱ्या विहिरीला देऊ नये. गट नंबर आणि शेतकऱ्याचे नाव ही विहिरीची ओळख म्हणून वापरू नये, कारण वाटणी झाली की दोन्ही बदलतात.

फॉर्म: खरे काम येथे आहे

कागदी तक्त्याऐवजी फोनवरील फॉर्म वापरण्यासाठी ओडीके कलेक्ट किंवा कोबोटूलबॉक्स यांपैकी कोणतेही साधन घ्यावे. दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात आणि फोनला रेंज मिळाली की नोंदी पाठवतात. फॉर्म मराठीत बनवावा. प्रश्न जसा शेताच्या बांधावर विचारला जातो तसाच लिहावा: ‘मोटर शेवटची कधी बंद केली?’, ‘विहिरीत आडवे बोअर मारले आहेत का? किती?’, ‘उन्हाळ्यात पाणी किती दिवस पुरते?’

मात्र आकडे इंग्रजी अंकांतच (0 ते 9) भरायला लावावेत. देवनागरी अंकांत लिहिलेले ६.८५ हे आपल्यासाठी संख्या असले, तरी एक्सेलसारख्या बहुतेक तक्ताप्रणाली त्याला मजकूर समजतात आणि सरासरी काढताना ते गुपचूप वगळतात. तसेच जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी फॉर्ममध्ये आणू नये, आणि फाइल बाहेर काढताना यूटीएफ-८ हा युनिकोड अक्षरे जपणारा पर्याय निवडावा. नाहीतर गावांच्या नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

पाणीपातळीचा प्रश्न एका ओळीत कधीही विचारू नये. त्याचे तीन भाग करावेत. मापनबिंदू कोणता, म्हणजे कठड्याची कडा, केसिंग पाइपाचे तोंड की जमीन, हे निवडायला लावावे. त्या बिंदूची जमिनीपासूनची उंची भरायला लावावी. आणि टेपचे वाचन जसे आले तसे लिहायला लावावे. वजाबाकी फोनने करावी आणि ‘जमिनीपासून पाणी ५.९५ मीटर खोल आहे, बरोबर?’ असे पडद्यावर विचारावे. मूळ वाचन जपून ठेवल्यामुळे पुढे शंका आली तर हिशेब उलटा तपासता येतो. मापनबिंदूवर रंगाने बाणाची खूण करून तिचे छायाचित्र पहिल्याच भेटीत फॉर्ममध्ये घ्यावे, म्हणजे पुढच्या हंगामात दुसरा माणूस गेला तरी तो त्याच जागेवरून मोजतो.

यानंतर मर्यादा घालाव्यात. पाण्याची खोली विहिरीच्या एकूण खोलीपेक्षा जास्त असू शकत नाही. पाण्याची विद्युतवाहकता (तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) मायक्रोसीमेन्समध्ये भरायची असताना कोणी १.२ लिहिले, तर मोजयंत्र मिलीसीमेन्सवर आहे हे उघड आहे, कारण विहिरीचे पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा शुद्ध असत नाही. तरीही वरची मर्यादा फार आवळू नये. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोठे आकडे खरेच येतात, आणि ज्या फॉर्मने ते नाकारले त्याने तेथील पाण्याचे मुख्य लक्षणच पुसून टाकले असे होईल. म्हणून अशक्य असेल ते फॉर्मने अडवावे, आणि केवळ वेगळे असेल तर पुन्हा मोजायला सांगून, टेपचे किंवा मोजयंत्राचे छायाचित्र घेऊन, ते स्वीकारावे.

मागील फेऱ्यांच्या नोंदींची सीएसव्ही फाइल फॉर्मला जोडता येते, आणि नवे वाचन जुन्याशी ताडून पाहता येते. ही सोय फार मोलाची आहे. पण जुना आकडा मोजण्याआधी दाखवू नये. आधी दिसला की मन नकळत त्याच्याकडे झुकते, आणि ओल्या टेपवरचा पुसट आकडा ‘तेवढाच असेल’ म्हणून वाचला जातो. नवे वाचन भरून झाल्यावरच ‘मागच्या मे महिन्यापेक्षा ३.२ मीटर फरक आहे, पुन्हा मोजा’ असा इशारा यावा.

शेतकऱ्याने सांगितलेली खोली फुटांत असते, काही ठिकाणी परसांत असते. ती त्याच्याच मापात लिहून एकक वेगळ्या रकान्यात निवडावे. मनातल्या मनात मीटर करून लिहिण्याची सवय मोडावी. परस हे माप पुरुषभर खोलीवर बेतलेले असल्याने, किती फुटांचा परस धरतात हेही त्याच माणसाला विचारून घ्यावे.

जागा आणि उंची

फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरपर्यंत अचूक जागा देतो. आंब्याच्या झाडाखाली किंवा विहिरीच्या भिंतीला टेकून नोंद घेऊ नये, आणि अचूकतेचा आकडा ५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबावे. अक्षांश-रेखांश हाताने लिहायची वेळ आलीच, तर दशांश अंशांतच लिहावेत. १८ अंश ३० मिनिटे हे १८.५० होते, ते १८.३० असे लिहिले, तर विहीर २२ किलोमीटर दक्षिणेला, दुसऱ्याच तालुक्यात जाऊन पडते.

उंचीच्या बाबतीत मात्र फोनवर विसंबू नये. बहुतेक अँड्रॉइड फोनचा जीपीएस समुद्रसपाटीपासूनची उंची देत नाही, तो पृथ्वीच्या गणिती पृष्ठापासूनची उंची देतो, आणि महाराष्ट्रात ती साठ मीटरांहून अधिक कमी भरते. साडेसातशे मीटर उंचीवरचे गाव फोनवर सहाशे ऐंशी-नव्वदच्या आसपास दिसते ते यामुळे. भुवनवरील कार्टोडेम या उंचीच्या प्रतिमानातील आकडेही याच गणिती पृष्ठापासूनचे आहेत, म्हणून कोकण किनाऱ्यावर त्यात उणे उंची दिसते. अमेरिकेच्या अंतराळयानाने २००० मध्ये केलेल्या मोजणीवरील एसआरटीएम प्रतिमान मात्र समुद्रसपाटीचा संदर्भ धरते. दोन्हींतील आकडे एकाच तक्त्यात मिसळले, की पाणी डोंगर चढताना दिसू लागते. सर्व विहिरींसाठी एकच प्रतिमान वापरावे, त्यातही काही मीटरांची चूक गृहीत धरावी, आणि जेथे उतार अगदी सौम्य आहे तेथे लेव्हल यंत्राने विहिरींच्या मापनबिंदूंची उंची एकदा नीट काढून घ्यावी. हे काम दोन-तीन दिवसांचे असते आणि पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

काठावर

सकाळी लवकर, विजेची पाळी सुरू होण्याआधी पोहोचावे. मालकाशी बोलल्याशिवाय टेप सोडू नये, कारण विहीर त्याची आहे आणि तिच्याविषयीचे सर्वाधिक ज्ञानही त्याच्याकडेच आहे. पाण्याचे झरे कोणत्या बाजूने येतात, मुरूम कोठे संपतो, मांजऱ्या (पोकळ्यांचा) दगड किती खोलीवर लागला, लाल गेरूसारखा थर मध्ये आहे का, हे त्याने विहीर खोदताना स्वतः पाहिलेले असते. बेसॉल्टच्या प्रदेशात पाणी कोणत्या सांध्यातून आणि कोणत्या सच्छिद्र थरातून येते, यावरच सगळे अवलंबून असते, आणि ते उपग्रहचित्रात दिसत नाही. फोन खिशात ठेवून आधी ऐकावे, नंतर फॉर्म उघडावा. त्याची परवानगी असेल तर बोलणे ध्वनिमुद्रित करून नोंदीला जोडावे.

मोटर नुकतीच बंद झाली असेल तर ते वाचन स्थिर पातळीचे नव्हे. अशी नोंद फेकून देऊ नये, पण शेवटच्या उपशाची वेळ सोबत असल्याशिवाय ती पातळीच्या नकाशात घेऊ नये. टेप दोनदा सोडावा, आणि दोन वाचनांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा. विद्युतवाहकतेचा मीटर रोज सकाळी १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात तपासून ते वाचनही फॉर्ममध्ये भरावे. दिवस संपताना नोंदी पाठवून, लॅपटॉपवर नकाशात सगळे बिंदू उघडून एकदा पाहावेत. चुकीची विहीर त्या संध्याकाळी सापडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजता येते.

स्वयंचलित नोंदक

पाण्यात बुडवून ठेवायचा दाबमापक नोंदक दर तासाला पातळी टिपतो, आणि वर्षातून चारदा घेतलेल्या हातमोजणीतून निसटणाऱ्या गोष्टी, जसे पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी किती दिवसांनी चढू लागले, त्याच्या आलेखात स्पष्ट दिसतात. पण हवेशी जोडलेली नळी नसलेला नोंदक पाण्याच्या दाबात हवेचा दाबही मोजतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला, की पाणी सुमारे १ सेंटिमीटर चढल्यासारखे दिसते. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराचा दाब आणि दुपारी चारचा दाब यांत रोज तीन-चार हेक्टोपास्कलांचा फरक पडतो, त्यामुळे आलेखात रोज एक लाट उमटते आणि नवखा माणूस तिला उपसा समजतो. जवळपास हवेचा दाब मोजणारा दुसरा नोंदक ठेवून तो वजा करावा. दोन्हींची घड्याळे एकाच वेळेवर आहेत ना, हे पाहावे. एक भारतीय वेळेवर आणि दुसरे जागतिक वेळेवर असेल, तर साडेपाच तासांच्या अंतराने केलेली वजाबाकी ही लाट घालवण्याऐवजी वाढवते. प्रत्येक भेटीत टेपने हातमोजणी करून ती नोंदकाच्या आकड्याशी ताडावी.

विहीर भरताना मोजणे

बोअरवेलसाठी लिहिलेली सूत्रे मोठ्या व्यासाच्या विहिरीला जशीच्या तशी लावणे ही आपल्याकडे वारंवार होणारी चूक आहे. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर उंचीत २८.२७ घनमीटर पाणी असते. ताशी २८ घनमीटर उपसा करणारा पंप लावला, तर पहिल्या तासात पातळी एक मीटर उतरते ती मुख्यतः विहिरीतल्या साठ्यामुळे. खडकाने त्यात जवळपास काहीच सांगितलेले नसते. संगणकाला ते आकडे दिले तर तो बिनतक्रार एक उत्तर काढून देतो, आणि ते उत्तर विहिरीच्या व्यासाचे असते. पापाडोपुलस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी मांडलेली पद्धत अशा वेळी वापरावी, किंवा त्याहून सोपा मार्ग म्हणजे पंप बंद झाल्यावर विहीर कशी भरते ते मोजावे.

त्यासाठी स्लिक्टर यांची १९०६ ची रीत तक्ताप्रणालीत सहज बसते. समजा पंप बंद करताना पातळी मूळ पातळीच्या ३ मीटर खाली होती आणि सहा तासांनी १.५ मीटर खाली राहिली. विहिरीच्या छेदाचे क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर, भागिले ६ तास, गुणिले ३ आणि १.५ यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे ०.६९३. उत्तर येते ३.२७: पातळी एक मीटर खाली असताना विहिरीत ताशी ३.२७ घनमीटर पाणी येते. केवळ दोन वाचनांवर न थांबता दर पंधरा मिनिटांनी मोजून, उरलेल्या घटीचा लॉगॅरिदम आणि वेळ यांचा आलेख काठावरच लॅपटॉपवर काढत राहावे. तो सरळ रेषेत गेला तर वरचा आकडा विश्वासार्ह आहे. तो मध्येच वाकला, तर पाणी एखाद्या सांध्याच्या किंवा आडव्या बोअरच्या पातळीला पोहोचले आहे असे समजावे, कठड्यावरून वाकून त्या खोलीवर काय आहे ते पाहावे आणि लगेच लिहून ठेवावे. मला या कामातला सर्वांत आनंदाचा क्षण हाच वाटतो, आलेखातली वाक आणि भिंतीतला झरा एकाच खोलीवर सापडतात तो.

नकाशा काढताना आवरायचा हात

बिंदूंमधील जागा भरून रंगीत नकाशा करणे क्यूजीआयएसमध्ये दोन मिनिटांचे काम आहे, आणि म्हणूनच येथे संयम लागतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी गाळाच्या मैदानासारखे सलग पसरलेले नसते. डाइक (खडकात घुसलेल्या उभ्या दगडी भिंती), लाल थर आणि खोल नाले त्याचे तुकडे करतात. म्हणून एका पाणलोटाच्या विहिरींवरून शेजारच्या पाणलोटाचा रंग ठरवू देऊ नये. सीमा ओलांडण्याआधी गणना थांबवावी. खोदविहिरींची आणि बोअरवेलची पातळी एकाच नकाशात मिसळू नये, कारण दोन्ही बहुधा वेगवेगळ्या थरांचे पाणी दाखवतात. उंचीतील चूक पाच मीटरांची असताना एक मीटर अंतराच्या समपातळी रेषा काढू नयेत. ज्या भागात विहीरच नाही तो भाग पांढरा ठेवावा. पांढरी जागा पाहून कोणी प्रश्न विचारला, तर तेथे निरीक्षण विहीर हवी हे सांगण्याची ती उत्तम संधी असते.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि केंद्रीय भूमिजल मंडळ यांच्या निरीक्षण विहिरींच्या दीर्घकालीन नोंदी आपल्या क्षेत्राच्या आसपास असतील, तर आपल्या दोन-तीन वर्षांच्या आकड्यांशेजारी त्या अवश्य ठेवाव्यात. एका दुष्काळी वर्षाची पातळी एकटी पाहिली तर घाबरवते, आणि एका चांगल्या वर्षाची पातळी निष्काळजी करते.

गावाला परत

माहिती ज्यांच्या विहिरींतून आली त्यांच्यापर्यंत ती परत गेली पाहिजे. हिवरे बाजारने पावसाच्या आणि विहिरींच्या नोंदींवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीत रुजवली, ती आकडे गावात राहिले म्हणूनच शक्य झाली. ग्रामसभेत दाखवायचा नकाशा मोठ्या कागदावर छापावा, त्यावर देऊळ, शाळा, ओढा आणि वस्त्यांची नावे असावीत, आणि पातळी मीटरसोबत फुटांतही लिहावी. कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे ही खासगी बाब आहे, म्हणून भिंतीवरच्या नकाशात नावांऐवजी क्रमांक द्यावेत, आणि मालकांची नावे व फोन क्रमांक असलेली फाइल वेगळी, पासवर्ड लावून ठेवावी. प्रत्येक मालकाला त्याच्या विहिरीच्या सगळ्या नोंदींचा एक पानी कागद हातात द्यावा. त्या कागदावर मापनबिंदूच्या बाणाचे छायाचित्र आणि कठड्याची उंची छापलेली असावी, म्हणजे पुढच्या मे महिन्यात आपण गेलो नाही, तरी त्याला स्वतःच, त्याच जागेवरून टेप सोडता येईल.